सुझान लेंग्लेननं १९२१ चा तो सामना अर्ध्यावर का सोडला?

नेटकॉर्ड

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. पहिलं महायुद्ध संपल्यावर, म्हणजे १९१९ पासून १९२६ मध्ये व्यावसायिक (पैसे घेऊन खेळणारी) होईपर्यंत, फ्रेंच टेनिसपटू सुझान लेंग्लेनचे निकाल ओळीनं वाचत गेलं तर एकेरीत एकच हार सापडते. १९२१, न्यूयॉर्कमधलं फॉरेस्ट हिल्स, अमेरिकन स्पर्धेची दुसरी फेरी, समोर मोला मॅलरी. आणि तीसुद्धा पुरी हार नाही. पहिला सेट मॅलरीनं ६-२ घेतला. दुसऱ्या सेटच्या पहिल्याच गेममध्ये ०-३० झालं, म्हणजे पहिले दोन्ही गुण गेले, तेव्हा लेंग्लेन पंचांकडे गेली, आपल्याला खेळवत नाही म्हणाली आणि रडत रडत कोर्टाबाहेर पडली.

ती खरंच आजारी होती, की हरणार हे दिसल्यावर अंग काढून घेतलं? दोन्ही बाजूंनी ठासून लिहिणारे लोक सापडतात, त्यामुळे माझा निकाल लागत नाही.

जोडीला एक छोटा प्रश्न: फ्रेंच स्पर्धेची तिची विजेतेपदं काही ठिकाणी सहा दिलेली असतात, काही ठिकाणी दोन. एवढा फरक कसा?

टिवल्याबावल्या

यात निकाल लावण्यासारखं काय आहे? पहिला सेट हरेपर्यंत बाई ठणठणीत, हरल्याबरोबर खोकला. अमेरिकन पत्रकारांनी तेव्हाच "खोकली आणि पळाली" अशा अर्थाची खिल्ली उडवली होती. प्रेक्षकांनी जाताना हुर्यो केली ती उगाच नाही. अहो, फ्रेंच टेनिस महासंघाचे उपाध्यक्ष अल्बेर द जोआनिस स्वतः तिच्याबरोबर अमेरिकेला आले होते. तेच म्हणाले की तिला खेळता न येण्यासारखं काही झालेलं नव्हतं. घरचाच साक्षीदार उलटल्यावर आणखी काय पाहिजे?

खडूची रेघ

टिवल्या, घरच्या साक्षीदाराची पुढची हकीकत पण सांगायची की. महासंघानं लेंग्लेनची बाजू घेतली आणि द जोआनिस पद सोडून गेले. त्यांचा तिच्यावर राग होता हे उघड आहे. रागावलेल्या माणसाच्या निदानावर मी तरी विसंबणार नाही.

माझं मत विचाराल तर ती आजारी होती. आणि जिंकत असती तर त्याच आजारात खेळलीही असती. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मी आयुष्यभर मुलींना टेनिस शिकवलं आहे. घशात खवखव घेऊन ५-१ नं पुढे असलेल्या मुलीला कोर्टावरून ओढून काढावं लागतं, आणि तीच मुलगी १-५ नं मागे असली की आपणहून बाकावर येऊन बसते. खोकला दोन्ही वेळी तेवढाच असतो. खोटं कोणीच बोलत नसतं.

आता त्या सामन्याकडे नीट बघू. लेंग्लेन काही फक्त स्पर्धेसाठी अमेरिकेला गेलेली नव्हती. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या भागांसाठी पैसे उभे करायचे, त्यासाठी प्रदर्शनीय सामने खेळायचे, असा तो दौरा होता. आजारपणामुळे निघायलाच उशीर झाला. 'पॅरिस' जहाजानं ती न्यूयॉर्कला पोचली ती थेट स्पर्धेच्या तोंडावर. वडील बरोबर नाहीत, आई आहे. ही बाब महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येते.

नेटकॉर्ड, तुम्ही 'दुसरी फेरी' लिहिलंत ते कागदावर बरोबर, पण लेंग्लेनसाठी तो पहिलाच सामना होता. पहिल्या फेरीतली प्रतिस्पर्धी एलिनॉर गॉस खेळायलाच उतरली नाही. म्हणजे जहाजातून उतरून, परक्या हिरवळीवर, एकही सराव सामना अंगाखाली न घालता समोर कोण, तर गतविजेती मॅलरी. आजच्या पद्धतीत हे होऊच शकत नाही, कारण मानांकन असतं, म्हणजे मोठ्या खेळाडू सुरुवातीलाच भिडू नयेत म्हणून त्यांना ड्रॉमध्ये लांब लांब ठेवतात. तेव्हा नव्हतं. चिठ्ठ्या निघतील तसा ड्रॉ. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या खेळाडू दुसऱ्या फेरीत भिडल्या तरी कोणाला तक्रार करता येत नव्हती.

आता याच्या शेजारी त्याच वर्षीचं विम्बल्डन ठेवा. तिथे तेव्हा चॅलेंज राउंड असायचा. गेल्या वर्षीच्या विजेतीनं काही खेळायचं नाही, बाकीच्या सगळ्याजणी आपसांत लढून एक उरेपर्यंत नुसतं थांबायचं, मग त्या उरलेलीशी एकच सामना. १९२१ मध्ये लेंग्लेननं एलिझाबेथ रायनला ६-२, ६-० हरवलं आणि झाली विजेती. एकेरीचा एक सामना! अमेरिकेत बायकांच्या स्पर्धेतला चॅलेंज राउंड त्याआधीच बंद झाला होता. बाहेरून आलेलीला मुळापासूनच सुरुवात करावी लागणार होती, आणि तिच्या नशिबी मूळच मॅलरी निघालं.

मॅलरी काही ऐरीगैरी नव्हती. बेसलाइनवर उभी राहून सणसणीत फोरहँड मारायची, चेंडू वर येता येताच घ्यायची आणि प्रत्येक चेंडूमागे धावायची. छातीत कफ असताना समोर नको असेल अशीच खेळाडू. लेंग्लेनचा खेळ नेमकेपणाचा. प्रतिस्पर्ध्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळवायचं आणि स्वतः मोजकी पावलं टाकायची. पण ते जमायला चेंडूपाशी आधी पोचावं लागतं. श्वास पुरत नसला की पोचायला अर्धं पाऊल उशीर होतो, आणि मग लेंग्लेनची लेंग्लेन उरत नाही. त्याच जूनमध्ये सें-क्लूच्या जागतिक हार्डकोर्ट स्पर्धेत तिनं याच मॅलरीला अंतिम फेरीत ६-२, ६-३ हरवलेलं होतं. (नाव हार्डकोर्ट असलं तरी ती स्पर्धा मातीवर व्हायची.) तेव्हा मॅलरीची तिला मुळातच भीती होती असं म्हणायला जागा नाही.

आता वडील. शार्ल लेंग्लेन. स्वतः टेनिसपटू नव्हते. पॅरिसमधल्या घोड्यांच्या बसगाड्यांच्या धंद्यातून आलेला पैसा होता. उन्हाळ्यात काँपिएन्यजवळचं मारे-सुर-माट्झ हे गाव आणि हिवाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरचं, म्हणजे रिव्हिएरावरचं, नीस, जिथे घरासमोरच लॉन टेनिस क्लब. मुलगी लहानपणी अशक्त, दम्याची, म्हणून व्यायामाला १९१० मध्ये रॅकेट आणून दिली. पोरीच्या हातात काहीतरी आहे हे दिसल्यावर मात्र हा माणूस हात धुऊन मागे लागला. रिव्हिएरावर खेळायला येणाऱ्या उत्तम पुरुष खेळाडूंचे फटके बघायचे आणि ते मुलीकडून घोटून घ्यायचे. तेव्हा बायका असं खेळतच नसत. कोर्टावर रुमाल टाकायचा आणि त्यावर चेंडू पाडायचा. पडला की रुमाल दुसरीकडे. रुमालाच्या जागी नाणी ठेवायचे अशीही गोष्ट सांगतात, पण मला विचाराल तर रुमालसुद्धा पुरे आहे. सलग दहा चेंडू पाडून बघा म्हणजे कळेल.

पंधरावं वर्ष नुकतंच लागलं होतं तेव्हा, १९१४ मध्ये, ती जागतिक हार्डकोर्ट विजेती झाली. त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत मार्गरीत ब्रोकेदीनं तिला तीन सेटमध्ये हरवलं. मग युद्ध. ज्या वयात पोरं सामने हरत हरत शिकतात, ती वर्षं तिची मोठ्या स्पर्धांविना गेली. सराव भरपूर, हरणं जवळजवळ नाही. माझ्या मते १९२१ चं उत्तर निम्मं इथे आहे.

उरलेलं निम्मं १९१९ च्या विम्बल्डनमध्ये. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी बघताहेत, समोर सात वेळची विजेती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स, वय चाळीस, घोट्यापर्यंत स्कर्ट. इकडे वीस वर्षांची लेंग्लेन, बिनबाह्यांसारख्या आखूड कपड्यात. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सबाई ६-५, ४०-१५. दोन मॅच पॉइंट, म्हणजे दोनपैकी एक गुण मिळाला की सामना त्यांचा. एक चेंडू लेंग्लेनच्या रॅकेटच्या लाकडाला लागून कसाबसा पलीकडे पडला, दुसरा तिनं बॅकहँडनं रेषेला धरून काढला. १०-८, ४-६, ९-७. सामना चालू असताना थकून आली की गॅलरीतून वडील तिला ब्रँडीत बुडवलेले साखरेचे खडे पुरवत होते. ते नुसतं उत्तेजक नव्हतं. वडील तिथे आहेत, बघताहेत, खडा येणार आहे, यावर ती उभी होती.

फॉरेस्ट हिल्सला वडील नव्हते आणि अमेरिकेत तर दारूबंदी चालू होती! (हा विनोद समजा, पण पूर्ण विनोद नाही.)

टिवल्याबावल्या

ताई, साखरेचा खडा पटला. पण मग १९२६ चं काय? विम्बल्डनमध्ये राणी मेरी बॉक्समध्ये येऊन बसलेली आणि बाई उशिरा उगवल्या. खेळल्या तर नाहीतच, पुढे स्पर्धाच सोडली. आता तिथेही आजार? मला तर हे खोडच दिसतं.

आकडेमोड

मधेच घुसतो, नेटकॉर्डचा दुसरा प्रश्न तसाच राहिला आहे.

फ्रेंच स्पर्धा १९२४ पर्यंत फक्त फ्रेंच क्लबांच्या सदस्यांसाठी होती. परदेशी खेळाडू फ्रेंच क्लबचा सदस्य असेल तरच खेळू शके. १९२५ पासून ती सगळ्यांना खुली झाली. लेंग्लेननं १९२० ते १९२३ अशी चार बंद स्पर्धेची आणि १९२५, १९२६ ही दोन खुल्या स्पर्धेची विजेतेपदं घेतली. १९२४ मध्ये ती आजारी होती. सगळी धरली की सहा, खुली तेवढी धरली की दोन. विम्बल्डनची सहा (१९१९ ते १९२३ आणि १९२५) मिळवून तिच्या नावावर एकेरीची ८ ग्रँड स्लॅम दाखवतात ती या हिशोबानं. जागतिक हार्डकोर्टची चार (१९१४, १९२१, १९२२, १९२३) यात कुठेच येत नाहीत. युद्धाच्या आसपासच्या काळात मातीवरची खरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा तीच होती. माझ्या मते हा तिच्यावरचा अन्याय.

याच कारणानं फ्रेंच खेळाडू माक्स देक्युजीची आठ फ्रेंच विजेतेपदं (१९०३ ते १९१४ मधली) लोकांना माहीत नसतात.

आणि अजून एक गंमत. रोलाँ गारोस स्टेडियम बांधलं १९२८ मध्ये, डेव्हिस कप (देशांच्या संघांमधली स्पर्धा) राखायला. तोवर लेंग्लेन व्यावसायिक होऊन फ्रेंच स्पर्धेतून बाद झालेली. आज तिथलं दुसरं मोठं कोर्ट तिच्या नावाचं आहे, एकेरीच्या विजेतीला मिळणारा करंडक तिच्या नावाचा आहे, पण त्या जागेवर ती स्पर्धा ती एकदाही खेळलेली नाही.

नेटकॉर्ड

आकडेमोड, झकास. आता कोष्टक नीट लागलं.

ताई, १९२६ बद्दल मलाही ऐकायचंय. आणि तिचे पूर्ण जोरातले सामने कोणते मानता तेही सांगा, म्हणजे १९२१ ला ती किती पडली होती याचा अंदाज येईल.

खडूची रेघ

जोरातले सामने आधी, ते सोपं आहे. १९२२, विम्बल्डन चर्च रोडच्या नव्या जागेत आलं ते वर्ष. जुन्या जागेत गर्दी मावेना, आणि त्या गर्दीत लेंग्लेनचा वाटा मोठा होता. चॅलेंज राउंडही त्याच वर्षी गेला, म्हणजे आता तिलाही पहिल्या फेरीपासून खेळायचं होतं. अंतिम फेरीत समोर मॅलरीच. ६-२, ६-०, सुमारे पंचवीस मिनिटांत. वर्षभरापूर्वीचं उत्तर तिनं तिथे दिलं.

पण माझ्या आवडीचं वर्ष १९२५. पूर्ण स्पर्धेत तिनं पाच गेम गमावले. सेट नव्हे हो, गेम. रायनला दोन, एल्सी गोल्डसॅकला एक, विनिफ्रेड बीमिशला शून्य, उपांत्य फेरीत गतविजेत्या किटी मॅकेनला शून्य, अंतिम फेरीत जोन फ्रायला दोन. मॅकेनसारख्या खेळाडूला ६-०, ६-० हे मला आजही पचत नाही. शिवाय रायनबरोबर दुहेरी आणि बोरोत्राबरोबर मिश्र दुहेरीही त्याच पंधरवड्यात जिंकली.

आता १९२६. आधी फेब्रुवारीतला रिव्हिएरावरच्या कान शहरातला सामना. कार्लटन क्लब, समोर वीस वर्षांची अमेरिकन हेलन विल्स, तिकिटं चढ्या भावानं, लोक झाडांवर आणि छपरांवर. लेंग्लेन ६-३, ६-५, ४०-१५. विल्सनं फटका मारला, कोणीतरी "आउट" ओरडलं, दोघींनी हात मिळवले, लोक फुलं घेऊन आत घुसले. तेवढ्यात लाइन पंच लॉर्ड चार्ल्स होप पुढे आले आणि म्हणाले, मी नाही ओरडलो, चेंडू आत होता. आता विचार करा. सामना संपला म्हणून शरीर सैल पडलेलं, अंगातली ताकद गेलेली, आणि पुन्हा सर्व्हिस टाकायची. तो गेम तिनं गमावला, ६-६ झालं. टिवल्या, तुमची 'खोड' खरी असती तर तिनं इथे छाती धरून बसायला हवं होतं. ती खेळली आणि ८-६ नं संपवलं. उन्हात, दमलेली, मधून मधून ब्रँडीचे घोट घेत. वडिलांच्या खड्यांचाच तो पुढचा अवतार.

मग विम्बल्डन. तिथे झालं ते निम्मं कारभाराचं आणि निम्मं तिच्या तोऱ्याचं. फ्रेंच महासंघानं तिला रायनऐवजी फ्रेंच जोडीदार, दिदी व्लास्तो, घ्यायला लावलं. वर्षानुवर्षं एकत्र जिंकलेली रायन आता समोरच्या बाजूला. त्यात दुहेरीच्या दिवशी आधी एकेरीचा सामना लावला. तिनं वेळ बदलायची विनंती पाठवली, ती नीट पोचली नाही. बाई आपल्या समजुतीनं आल्या, राणी त्याआधीच येऊन बसलेली. पदाधिकाऱ्यांनी फैलावर घेतलं, ती कपडे बदलायच्या खोलीत कोसळली. पुढे दुहेरीत व्लास्तोबरोबर मॅच पॉइंट हाताशी असून रायन आणि मेरी ब्राउनकडून हरली. जे प्रेक्षक सात वर्षं डोक्यावर घेत होते त्यांनीच तोंड फिरवलं. मग तिनं स्पर्धा सोडली. राणीला ताटकळत ठेवल्याचा डाग लागला तो लागलाच.

हेकेखोर होती का? होती. पदाधिकाऱ्यांना जेरीस आणायची. पण त्या पदाधिकाऱ्यांचा धंदाही बघा. तिच्या नावावर तिकिटं खपायची, रिव्हिएराची हॉटेलं भरायची, क्लबच्या तिजोरीत पैसे जायचे आणि तिनं मात्र हौशी राहायचं, बक्षिसाचा एक फ्रँक घ्यायचा नाही. त्याच वर्षी तिनं अमेरिकन प्रवर्तक सी. सी. पाइल यांचा ५०,००० डॉलरचा करार घेतला. ९ ऑक्टोबर १९२६ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला सामना. दौऱ्यावर ब्राउनशी ३८ वेळा खेळली, ३८ वेळा जिंकली. हौशी टेनिसची दारं बंद झाली ती झालीच. व्यावसायिकांना मोठ्या स्पर्धांत घ्यायला १९६८ उजाडलं.

पुढे तिनं पॅरिसमध्ये टेनिसची शाळा काढली आणि मुलांना शिकवलं. माझ्या धंद्यातली म्हणून मला तिचा हा भाग जास्त जवळचा, पण त्याबद्दल फार कोणी लिहीत नाही. जुलै १९३८ मध्ये रक्तक्षयानं गेली, वय ३९. म्हणजे 'नाटकी आजार' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं की दम्यापासून काविळीपर्यंत या बाईची तब्येत कधीच धड नव्हती. १९२४ चं विम्बल्डन तिनं काविळीतून उठून खेळायला घेतलं. रायननं तिचा एक सेट काढला, तरी ती तीन सेटमध्ये जिंकली आणि मगच माघार घेतली. जिंकून माघार! त्याला कोणी पळाली म्हणत नाही.

टिवल्याबावल्या

बरं, कानचा सामना मान्य. पण द जोआनिसना मी सोडणार नाही. :)

नेटकॉर्ड

१९२४ च्या त्या निकालाकडे मी बघितलंच नव्हतं, आता बघतो. ताई, धन्यवाद. तिचे कपडे शिवणाऱ्या पातूच्या कपड्यांवर आणि त्या डोक्याच्या पट्टीवर कोणी लिहिणार असेल तर वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत.

आकडेमोड

जाता जाता मॅलरीबाईंची बाजू, कारण या सगळ्या चर्चेत त्या नुसत्या 'समोर कोण होतं' एवढ्याच उरल्यात. मूळच्या नॉर्वेच्या, १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेसाठी कांस्य. अमेरिकन एकेरी आठ वेळा जिंकल्या. १९२१ ला लेंग्लेन बाहेर पडल्यावर स्पर्धा संपली नव्हती, पुढचे सामने जिंकून विजेतेपद मॅलरीनंच घेतलं. आठवं विजेतेपद १९२६ मध्ये, वय ४२. अंतिम फेरीत समोर तीच एलिझाबेथ रायन, तिसऱ्या सेटमध्ये मॅलरी ०-४ नं मागे. तो सेट ९-७ नं काढला.